रायतूरची इगर्ज

(नभोवाणीवरील भाषण)

गोव्यास जाणाऱ्या प्रवाशाला इगर्जी मुद्दाम दाखवाव्या लागत नाहींत. त्या आपण होऊनच दृष्टीस पडतात. जुन्या गोव्यांतील बॉम जेजूची इगर्ज आणि से कॅथीड्रल हीं तर जगप्रसिद्ध ठिकाणें. तेथें माणसें मोटारी भरभरून येतात, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेपुढें क्षणभर उभीं राहतात आणि निघून जातात. परंतु एखाद्या भूमीचा इतिहास खरोखर समजून घ्यावयाचा असेल, तर राजधानी पाहून झाल्यावर खेड्याकडे वळावें हें बरें. राजधानींत वैभव दिसतें. त्या वैभवाची किंमत कोणीं मोजली, तें खेड्यांत समजतें. साष्टी महालांतील रायतूर हें असेंच एक खेडें आहे.

मडगांवाहून ईशान्येस चार-पांच मैलांवर, झुआरी नदीच्या कांठीं, हें गांव वसलेलें आहे. गांवाचें जुनें नांव रायतूर. पोर्तुगीजांच्या तोंडीं त्याचें राशोल झालें आणि इंग्रजी नकाशांत तें राचोल म्हणून उतरलें. शेजारचें राय गांव मागें पडलें म्हणजे भाताचीं खाचरें, माडांच्या रांगा आणि त्यांतून डोकावणारीं कौलारू घरें लागतात. आणि मग एक जुनी दगडी वेस समोर येते. एके काळच्या भक्कम किल्ल्याचा हा उरलासुरला दरवाजा होय. तटबंदीचे बाकीचे दगड केव्हांच गेले आहेत. वेस मात्र अजून उभी आहे.

किल्ला मूळचा मुसलमानी अमदानींतला. १५२० सालीं विजयनगरच्या कृष्णदेवरायानें तो विजापूरकरांपासून घेतला आणि पोर्तुगीजांच्या हवालीं केला. कांहीं वर्षांनीं विजापूरकरांनीं साष्टी परत मिळविली. परंतु १५४३ सालीं साष्टी आणि बारदेश हे दोन्ही महाल कायमचे पोर्तुगीजांकडे गेले. झुआरीच्या पलीकडचा अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा महाल, मात्र १७६३ पर्यंत त्यांच्या हातीं आला नाहीं. म्हणजे सुमारें दोनशें वर्षें ही नदी दोन राज्यांची सीमा होती. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढची हकीकत समजावयास सोपी जाईल.

वेशींतून आंत गेलें कीं उंचवट्यावर एक प्रचंड, किल्ल्यासारखीच इमारत दिसते. ती रायतूरची सेमिनरी. हिचा पाया १ नोव्हेंबर १६०६ रोजीं घातला गेला आणि १६१० सालीं इमारत पुरी झाली. पायाभरणीचा दिवस सर्व संतांच्या सणाचा, म्हणून तिला प्रथम सर्व संतांचें नांव मिळालें; पुढें ती जेज्विट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला ह्याच्या नांवें ओळखली जाऊं लागली. १७५९ सालीं पोर्तुगालच्या राजानें जेज्विटांना आपल्या राज्यांतून हांकलून दिलें, तेव्हां त्यांचें हें कॉलेज ओस पडलें. १७६२ पासून तेथें पाद्री तयार करणारी सेमिनरी सुरू झाली. गोव्यांतील कित्येक पिढ्यांचे धर्मगुरु येथेंच शिकून बाहेर पडले आहेत.

सेमिनरीच्या आवारांत एक देखणी इगर्ज आहे आणि बहुतेक प्रवासी तीच पाहून परत फिरतात. परंतु गांवाची जुनी इगर्ज ती नव्हे. ती जवळच, निराळी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत साष्टींत ज्या पहिल्यावहिल्या इगर्जी उभ्या राहिल्या, त्यांपैकीं ती एक. तिचें नांव ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटतें. ती आहे हिमाच्या मातेची इगर्ज, पोर्तुगीज भाषेंत ‘नोसा सेन्योरा दास नेव्हेस’. जेथें हिंवाळ्यांतहि अंगावर शाल घेण्याची गरज क्वचितच पडते, त्या कोंकणांत हिमाचें नांव आलें कोठून? ह्याची कथा रोमची आहे. चौथ्या शतकांत ऐन उन्हाळ्यांत रोमच्या एका टेंकडीवर बर्फ पडलें, आणि जेवढ्या जागेवर तें पडलें तेवढ्या जागेवर मरियेचें मंदिर बांधावें असा दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका आहे. त्या घटनेचा सण ५ ऑगस्टला येतो.

कथा रोमची असली तरी सण मात्र ह्या मातींत रुजला आहे. ऑगस्टच्या आरंभीं साष्टींतलें भात कणसावर येऊं लागतें. शेजारच्या राय गांवीं त्याच ५ ऑगस्टला कणसांचें फेस्त होतें. नवीं कणसें वाजतगाजत कापून आणून इगर्जींत अर्पण करतात. महाराष्ट्रांत नव्याच्या पुनवेस दारावर भाताच्या लोंब्या बांधणाऱ्या घरांना हा विधि परका वाटणार नाहीं. धर्म बदलला, शेत तेंच राहिलें आणि पहिल्या कणसाविषयींचा भावहि तोच राहिला.

येथपर्यंत सारें गोड आहे. परंतु इगर्जीच्या आंत गेल्यावर प्रवाशानें फरशीकडे लक्ष द्यावें. जुन्या इगर्जींतून मोठ्या माणसांचीं थडगीं जमिनींतच असतात आणि त्यांवरच्या शिळांवर लेख कोरलेले असतात. ह्या इगर्जींत दियोगु रॉड्रिगिश नांवाच्या कप्तानाची अशी एक शिळा आहे. तो ह्या किल्ल्याचा कप्तान होता आणि १५७७ सालीं मरण पावला. त्याची थोरवी सांगतांना लेखानें त्याच्या लढाया सांगितल्या नाहींत कीं दानधर्म सांगितला नाहीं. ह्या प्रदेशांतील देवळें ह्यानें पाडलीं, एवढेंच त्याच्या आयुष्याचें सार्थक म्हणून तेथें कोरलेलें आहे.

हें काम कसें घडलें, त्याची हकीकत खुद्द जेज्विटांच्या जुन्या इतिहासांत नमूद आहे. लोटली गांवच्या गांवकऱ्यांनीं कप्तानाचा हुकूम मोडला, म्हणून शिक्षा म्हणून त्यानें त्यांचें मोठें देऊळ जाळलें. गांवकरी स्वस्थ बसले नाहींत. ते न्यायासनापुढें गेले, आणि न्यायासनानें कप्तानानें देऊळ पुन्हां बांधून द्यावें, असा निकाल दिला! परंतु तो निकाल अमलांत आला नाहीं. धर्माधिकाऱ्यांनीं व्हाइसरॉयकडे धांव घेतली, आणि देऊळ बांधून देण्याचें दूरच राहून साष्टींतील सर्वच देवळें पाडण्याची मोकळीक कप्तानाला मिळाली. हें १५६७ साल. त्या मोहिमेंत २८० देवळें जमीनदोस्त झालीं, असा आकडा त्याच कागदपत्रांत येतो.

ह्या आकड्याचा अर्थ महाराष्ट्रांतल्या अनेक घरांना सांगावयास नको. त्यांचीं कुलदैवतें ह्याच साष्टींतलीं, आणि त्या काळच्या साष्टींत आजचा मुरगांव तालुकाहि मोडत असे. कुशस्थळीचा मंगेश १५६० सालींच नदीपलीकडे प्रियोळास नेण्यांत आला होता. वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास गेला. मडगांवचा दामोदर जांबावलीस, आणि कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास. आज मंगेशीस किंवा कवळ्यास जाऊन अभिषेक करणारा भाविक तेथील दीपमाळा आणि तळीं पाहून प्रसन्न होतो. परंतु हीं सर्व निर्वासित देवांचीं घरें आहेत, हें त्याच्या क्वचितच ध्यानीं येतें. जे देव गेले त्यांचीं मूळ स्थानें ह्या तीरावर, आणि ज्या माणसाच्या नांवावर तें निर्वासन नोंदलेलें आहे तो ह्या इगर्जींत निजला आहे.

आतां दुसरी गोष्ट. ह्याच इगर्जींत एके काळीं आणखी पांच थडगीं होतीं.

कुंकळ्ळी हें साष्टीच्या दक्षिण टोंकाचें मोठें आणि मानी गांव. तेथील देवळेंहि पाडलीं गेलीं होतीं, लष्करी टोळ्यांनीं गांवाला जाच दिला होता, आणि गांवकऱ्यांनीं सरकारचा सारा देण्याचें नाकारलें होतें. अशा स्थितींत १५८३ च्या जुलै महिन्यांत पांच जेज्विट तेथें क्रूस रोवण्यास व इगर्जीसाठीं जागा निवडण्यास गेले. गांवकरी शस्त्रें घेऊन त्यांच्यावर चालून आले. पांचहि जण, आणि त्यांच्याबरोबरचे कित्येक देशी ख्रिस्ती, तेथेंच मारले गेले. प्रेतें विहिरींत टाकण्यांत आलीं होतीं. तीं मिळवून रायतूरला आणलीं गेलीं व ह्या इगर्जींत पुरलीं गेलीं.

त्या पांचांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा हा एक इटालियन सरदारपुत्र होता. इतिहासाच्या वाचकांना तो निराळ्या कारणानें ठाऊक असतो. १५८० सालीं बादशहा अकबराच्या बोलावण्यावरून जे जेज्विट फत्तेपूर शिक्रीस गेले, त्यांचा पुढारी हाच. तीन वर्षें त्यानें अकबराच्या सभेंत मुल्लामौलवींबरोबर धर्मचर्चा केली. तेथें वादाला वादानें उत्तर मिळत असे. साष्टींत तसें नव्हतें. ज्या तरुणाला अकबराच्या दरबारानें सुखरूप परत पाठविलें, त्याचा देह गोव्यास आल्यावर थोडक्याच महिन्यांत कुंकळ्ळीस पडला.

ह्याचा सूडहि लवकरच उगवला गेला. कुंकळ्ळीच्या सोळा पुढाऱ्यांना बोलणीं करण्याच्या मिषानें आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलावण्यांत आलें आणि तेथें त्यांची कत्तल झाली. एकटा नदींत उडी टाकून वांचला, असें परंपरा सांगते. पांच जेज्विटांना पुढें १८९३ सालीं रोमनें धन्य म्हणून घोषित केलें. त्यांच्या अस्थि १५९७ सालीं रायतूरहून जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजांत आणि १८६२ सालीं से कॅथीड्रलमध्यें नेल्या गेल्या. त्या पुढाऱ्यांचें स्मारक मात्र कुंकळ्ळींत उभें राहण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें. मरण दोन्हीं बाजूंनीं आलें. स्मरण फार दिवस एकाच बाजूला मिळालें.

हें सर्व घडत असतां गोव्यांत एक इंग्रज जेज्विट होता. नांव थॉमस स्टीफन्स. रायतूरची तिसरी आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ह्याच्याशीं जडलेली आहे.

स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांतल्या बुश्टन गांवचा, जन्म १५४९ च्या सुमाराचा. विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेंत तो शिकला. इंग्लंडांत त्या वेळीं एलिझाबेथ राणीचें राज्य होतें आणि रोमच्या पोपला मानणाऱ्या लोकांचा तेथें छळ चालू होता. स्टीफन्सचा जिवलग मित्र थॉमस पाउंड केवळ आपल्या श्रद्धेसाठीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत पडला. एडमंड कँपियन हा इंग्रज जेज्विट १५८१ सालीं लंडनमध्यें फांसावर चढविला गेला. स्टीफन्स मात्र १५७५ सालींच रोममध्यें जेज्विट पंथांत शिरला होता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेल्या गलबतांतून तो २४ ऑक्टोबरला गोव्यास पोंचला. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेला, इतिहासाला ठाऊक असलेला पहिला इंग्रज हाच. प्रवासाचें वर्णन करणारें जें पत्र त्यानें बापाला लिहिलें, तें पुढें इंग्लंडांत छापलें गेलें.

म्हणजे ज्याच्या स्वतःच्या देशांत राज्यसत्तेनें त्याच्या श्रद्धेचा गळा दाबला होता, तो माणूस अशा देशांत आला कीं जेथें त्याच्याच पंथाच्या राज्यसत्तेनें दुसऱ्यांच्या श्रद्धेचा गळा दाबला होता. ह्या विसंगतीचा विचार त्याच्या मनांत आला असेल कीं नाहीं, हा तर्काचा विषय झाला. त्यानें केलें काय, तें मात्र पुराव्यानें सांगतां येतें. त्यानें येथील भाषा शिकावयास घेतली. १५८३ सालीं, म्हणजे कुंकळ्ळीच्या त्याच वर्षीं, भावाला लिहिलेल्या पत्रांत त्यानें येथील भाषांची प्रशंसा केली आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळती असल्याचें नमूद केलें. सर विल्यम जोन्स ह्यानें संस्कृतविषयीं हेंच मत कलकत्त्यास मांडलें तें १७८६ सालीं. स्टीफन्सचें निरीक्षण त्याच्या दोन शतकें आधींचें आहे.

पुढें सुमारें चाळीस वर्षें, बहुतेक साष्टींतच, त्याचें वास्तव्य झालें. आणि १६१६ सालीं रायतूरच्या कॉलेजांतील छापखान्यांत त्याचा ग्रंथ छापला गेला. हेंच तें ख्रिस्तपुराण. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची बायबलच्या जुन्या कराराची कथा, आणि दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. एकनाथ समाधिस्थ झाले १५९९ सालीं; त्यानंतर अवघ्या सतरा वर्षांनीं विल्टशायरचा एक इंग्रज मराठी ओवींत पुराण सांगत होता! त्याच्या ग्रंथांत स्वर्गाला वैकुंठ म्हटलें आहे. मराठी भाषेची त्यानें केलेली स्तुति तर प्रसिद्धच आहे. दगडांत रत्न, फुलांत मोगरी, सुवासांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, असा तिचा आशय आहे. मराठी मायबोली असलेल्या फार थोड्या कवींनीं तिचें असें कौतुक केलें असेल.

परंतु ग्रंथांतली सर्वांत बोलकी जागा ही स्तुति नव्हे. ती आरंभींच आहे. साष्टींतील एका इगर्जींत धर्मशिक्षण चाललें असतां श्रोत्यांपैकीं एक जण पाद्री-गुरूला प्रश्न करतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत. मग त्यांच्या जागीं आम्हांला वाचावयास दुसरें पुराण कां देत नाहीं? ह्या मागणींतून सारें ख्रिस्तपुराण जन्मास येतें.

श्रोत्यांनीं ह्या प्रश्नाकडे नीट पाहावें. हा माणूस नव्या धर्मांत आलेला आहे. तो बंड करीत नाहीं. परंतु संध्याकाळीं चार माणसें जमवून, एकानें ओवी म्हणावी आणि बाकीच्यांनीं ऐकावी, ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची संवय एकाएकीं तोडली गेली आहे. देऊळ गेलें त्याबरोबर देवळांतला सभामंडप गेला, पुराणिक गेला, कथेचा सूर गेला. त्या पोकळीची जाणीव त्याला आहे. आणि स्टीफन्सचें मोठेपण हें, कीं त्यानें ती तक्रार लपविली नाहीं. आपल्या ग्रंथाचें कारण म्हणून ती त्यानें स्वतःच्या हातानें लिहून ठेवली. कप्तानाच्या शिळेवर पाडणाऱ्याची बाजू कोरलेली आहे. जें पाडलें त्याचें दुःख मात्र, कितीहि संयमानें कां होईना, ह्या पाद्र्याच्या पुराणांत नोंदलें गेलें आहे.

पुस्तक कोणासाठीं, हेंहि त्याच्या मनांत पक्कें होतें. शुद्ध मराठी येथील साध्या माणसांना अवघड जाते, म्हणून सोपे कोंकणी शब्द मिसळून आपण लिहिलें, असें त्यानें प्रस्तावनेंत सांगितलें आहे. ग्रंथ येथील लिपींत छापावा अशीहि त्याची फार इच्छा होती. १६०८ सालीं जेज्विटांच्या रोममधील वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रांत त्यानें हा विषय काढला आहे. अडचण खिळ्यांची होती. युरोपीय लिपीला चोवीस अक्षरें पुरतात. देवनागरींत प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी लागून आणि जोडाक्षरें होऊन साचे सहाशेंच्या घरांत जातात. एवढे साचे पाडण्याचें काम कोणी अंगावर घेतलें नाहीं, आणि ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलें गेलें. मराठीला देवनागरी खिळे लाभले ते १८०५ सालीं, दूर बंगालमध्यें श्रीरामपूरच्या छापखान्यांत. स्टीफन्सची इच्छा तडीस गेली असती, तर मराठी मुद्रणाचा इतिहास सुमारें दोनशें वर्षें आधीं सुरू झाला असता, आणि त्याचें पहिलें पान ह्या खेड्यांत उघडलें असतें.

स्टीफन्स १६१९ सालीं वारला. त्याच्या मागें रायतूरच्या छापखान्यानें १६२२ सालीं त्याची ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही कोंकणी धर्मप्रश्नोत्तरी, आणि १६४० सालीं त्याचें कोंकणीचें व्याकरण छापलें. तें कोंकणीचें पहिलें छापील व्याकरण. एत्येन द ला क्र्वा नांवाच्या फ्रेंच जेज्विटानेंहि मराठी ओवींत सेंट पीटरचें चरित्र रचलें. त्याचें छापणें १६२९ सालीं सुरू झालें.

रायतूरच्या ह्या कॉलेजाशीं आणखी एक नवल जोडलें जातें. पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत रोमन लिपींतलीं कांहीं जुनीं हस्तलिखितें आहेत. त्यांत रामायण-महाभारतांतील कथा कोंकणी गद्यांत आणि कृष्णकथा मराठी ओव्यांत आहेत. केळोशीच्या कृष्णदास शामाचें १५२६ सालचें कृष्णचरित्रहि त्यांत आहे. पाद्र्यांनीं हिंदूंचा धर्म समजून घेण्यासाठीं, पुष्कळदां तो खोडून काढण्यासाठींच, ह्या नकला करून घेतल्या. आणि तें काम रायतूरच्या जेज्विटांकडे झालें असावें, असें अभ्यासक मानतात. ज्या पोथ्या घरांतून जप्त होत होत्या, त्यांतल्या कांहींचा मजकूर जप्त करणाऱ्यांच्याच कपाटांत सुरक्षित राहिला. कोंकणी गद्याचे इतके जुने नमुने दुसरीकडे सांपडत नाहींत.

परंतु भाषेवरचें हें प्रेम राज्यसत्तेला फार काळ मानवलें नाहीं. १६८३ सालीं छत्रपति संभाजीराजांच्या फौजा साष्टींत व बारदेशांत शिरल्या आणि गोवें जातें कीं काय अशी पाळी आली. तें संकट टळल्यावर, २७ जून १६८४ रोजीं, व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर ह्यानें हुकूम काढला, कीं तीन वर्षांच्या आंत देशी लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. भाषा हुकुमानें मरत नसते, म्हणून कोंकणी घरांतून जिवंत राहिली. परंतु ग्रंथरचनेचा जो ओघ रायतूरहून निघाला होता, तो आटला. १६७४ नंतर गोव्यांतलें छापण्याचें काम थांबलें, तें १८२१ सालीं पुन्हां सुरू झालें. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांपैकीं एकाहि छापील प्रतीचा आज पत्ता नाहीं.

तरी ग्रंथ वांचला. तो इगर्जीनें वांचविला नाहीं कीं सरकारनें वांचविला नाहीं; घरांनीं वांचविला. लोकांनीं हातानें नकला केल्या आणि उपवासाच्या दिवसांत रात्रीं त्या वाचल्या. दुष्काळ, लढाया आणि इन्क्विझिशन ह्यांना कंटाळून जीं ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेकडे कानडा मुलखांत गेलीं, त्यांनीं आपल्या बोचक्यांतून ह्या वह्याहि नेल्या. त्या हस्तलिखितांवरूनच जे. एल. सल्डान्हा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूरला ख्रिस्तपुराण पुन्हां छापलें. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट ह्यांना लंडनमध्यें मार्सडेनच्या संग्रहांत त्याची देवनागरी पोथी मिळाली. १९५६ सालीं शांताराम बंडेलू ह्यांनीं पुण्यास सबंध ग्रंथ देवनागरींत प्रसिद्ध केला. पत्र लिहून स्टीफन्सनें जें मागितलें होतें, तें साडेतीनशें वर्षांनीं असें पदरांत पडलें.

रायतूर पाहावयास जाणाऱ्यानें ह्यांतलें काय घ्यावें? एक मार्ग सोपा आहे. ज्याला राग धरावयाचा असेल त्यानें कप्तानाची शिळा पाहावी आणि परत फिरावें. ज्याला भक्तिभाव हवा असेल त्यानें पांच हुतात्म्यांचें स्मरण करावें आणि परत फिरावें. ज्याला साहित्याची गोडी असेल त्यानें ख्रिस्तपुराणाचें कौतुक करावें आणि बाकीच्या गोष्टींकडे डोळेझांक करावी. ह्या तीनहि वाटांनीं जाणारे लोक आहेत. परंतु कप्तान, हुतात्मे आणि कवि हे तिघेहि एकाच वेशींतून आंत आले, आणि एकमेकांना वगळून त्यांचा उलगडा होत नाहीं. देवळें पडलीं नसतीं, तर कुंकळ्ळीची विहीर रक्तानें भरली नसती. आणि पुराणें वर्ज्य झालीं नसतीं, तर त्या श्रोत्याला नवें पुराण मागावें लागलें नसतें. ग्रंथ सुंदर आहे म्हणून पाडलेलें देऊळ उभें राहत नाहीं. आणि देऊळ पाडलें गेलें म्हणून ग्रंथाचें सौंदर्य खोटें ठरत नाहीं.

साष्टींतले साधे लोक पंडितांच्या आधींच हें ओळखून बसले आहेत. दर वर्षीं शिगम्याच्या दिवसांत फातर्प्याची शांतादुर्गा आपल्या मूळ गांवीं, कुंकळ्ळीस, मिरवणुकीनें येते. गांवच्या बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या तिच्याबरोबर असतात. त्या कुळांतले कांहीं आज हिंदु आहेत, कांहीं ख्रिस्ती. छत्र्यांचा मान मात्र बाराहि कुळांचा आहे, आणि दोन्हीं धर्मांचे लोक त्या दिवशीं रस्त्यावर असतात. देवीला गांव सोडावें लागलें हें कोणी विसरलेलें नाहीं, आणि शेजारी कोण झाला म्हणून कोणी त्याला परका केलेला नाहीं.

मंगेशीच्या किंवा कवळ्याच्या दर्शनास जाणाऱ्या कुटुंबांनीं परततांना झुआरी ओलांडून घटकाभर रायतूरला थांबावें. वेस पाहावी, इगर्जींत पादत्राणें वाजूं न देतां जावें, आणि फरशीवरची ती शिळा सबंध वाचून घ्यावी. मग सेमिनरीच्या पायऱ्यांवर बसून मुलांना सांगावें, कीं एका इंग्रजानें मराठींत रचलेलें पुराण येथें छापलें गेलें, आणि तें त्यानें कोणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून रचलें.